शनिवारचं लोखंड

आमच्या जिन्याखाली अँबेसिडर गाडीची तीन दारं उभी आहेत. जुन्या चादरींत गुंडाळलेली आहेत, पण एखादा कोपरा उघडा पडतोच आणि बदामी रंग चमकतो. घरी आलेला माणूस चहा पिता पिता हमखास विचारतो, "ही काय भानगड?" मी सांगते, गाडीची दारं. "अन् गाडी?" गाडी नाही. मग तो हसतो. हसणाऱ्याला मी दुसरा चहा विचारत नाही.

आमचे हे म्हणतात, देऊन टाक कुणाला तरी, झाडायला अडचण होते. झाडते मी, अडचण होते ह्यांना. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करते. बॉनेट आणि डिकीचं झाकण गच्चीवर आहे. चौथं दार आप्पांकडे आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. जाफराबादपासून जवळच आमचं गाव. कापूस, सोयाबीन, दोन विहिरी, खाऊन-पिऊन सुखी घर. मी शाळेत होते तेव्हा आप्पांनी ही गाडी सरकारी लिलावात घेतली. कुठल्या तरी साहेबाची होती, त्यामुळे पांढरी. आप्पा म्हणाले, "ह्या रंगात मी बसलो की लोक अर्ज घेऊन मागं पळतील." तसं दोन-तीनदा झालंही होतं म्हणे. म्हणून त्यांनी तिला जालन्याला नेऊन बदामी रंग मारून आणला. परत आली तेव्हा आईनं ओवाळली आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. माझा भाऊ तेव्हा एवढासा होता, लिंबू फुटल्याचा आवाज आला तसा तो आप्पांच्या पायाला जाऊन चिकटला.

आप्पा गाडी चालवायचे ते उजवं कोपर खिडकीवर टेकवून. हात बाहेर. रस्त्यात कोंबड्या आल्या की हॉर्न वाजवायचे नाहीत, दाराला बाहेरून बोटांनी टकटक करायचे. वर्षानुवर्षं असं करून त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच काळा झाला होता. कोपर टेकायचं त्या खिडकीच्या काठाचा रंगही झिजून गेला होता आणि तिथं पत्रा दिसायचा. आई चिडवायची, "हात एका माणसाचा अन् दुसरा दुसऱ्याचा." आप्पा दोन्ही हात शेजारी शेजारी धरून पाहायचे आणि हसायचे.

दर रामनवमीला आम्ही समर्थांच्या जांबला जायचो. आमचं गाव जिल्ह्याच्या या टोकाला, जांब त्या टोकाला, मधे जालना. मला त्या प्रवासाचं इतकं वेड की मी सगळ्यांच्या आधी तयार होऊन गाडीत जाऊन बसायची. मागच्या सीटवर. पुढची सीट भावाची होती. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, पाय खाली टेकायचे नाहीत, समोरचा रस्ता दिसायचा नाही, तरी पुढची सीट त्याची. यात काही विचारण्यासारखं आहे असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही. मलाही नाही वाटलं तेव्हा. आणि हा पठ्ठ्या कायम उशिरा! कधी चप्पल सापडत नाही, कधी ऐनवेळी पोटात दुखतं, कधी म्हणतो दुसरा सदरा घालायचाय. आप्पा इंजिन चालू करून बसलेले असायचे. मी म्हणायची, "आप्पा, निघा ना, ऊन झालं." आप्पा आरशातून माझ्याकडे बघायचे.

"थांब," म्हणायचे. "त्याला येऊ दे, मंग निघू."

तेवढं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मला ते पाठ झालं होतं. ते म्हणायच्या आधीच मी मनात म्हणून टाकायची.

पुढं आप्पांचं वय झालं, गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली आणि तिथंच राहिली. माझं लग्न होऊन मी जालन्याला आले, ऑफिसला लागले. आई गेली. आईनंतर सगळ्या बहिणी करतात तसं मीही आईच्या नावच्या जमिनीवरचा हक्क सोडून सही दिली. साडी घेतली, पुरणपोळी जेवले, संध्याकाळच्या एसटीनं परत आले. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही, आजही करत नाही. ही रीतच आहे, आणि रीत मोडणारीचं माहेर तुटतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक पोरीला न शिकवता समजतं.

मागच्या दिवाळीनंतर आप्पांना लकवा मारला. डावी बाजू गेली. जीभ जड झाली. डोकं बरंचसं धड होतं, पण मधूनच आजचं आणि जुनं एकमेकांत मिसळायचं. त्यांची खाट ओसरीवर टाकली होती, समोर रस्ता. एका रविवारी मी भेटायला गेले तर त्यांनी उजव्या हातानं शेडकडे बोट दाखवलं.

"जांबला जायचं," ते म्हणाले. "रामनवमीला. गाडीत."

भाऊ तिथंच उभा होता. "नेतो की आप्पा. नवी गाडी बुक केलीया, एसीची. तिच्यात नेतो."

आप्पांनी मान हलवली. "आपल्या गाडीत."

हे सांगायला त्यांना किती वेळ लागला! एकेक शब्द ओढून काढत होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, मी करून घेते गाडी नीट. रामनवमीला तुम्ही तिच्यातच बसाल." भाऊ हसला. "ने की ताई. भंगारच हाये ते. तुझीच समज." आप्पांसमोर म्हणाला, वहिनीसमोर म्हणाला. त्या घरातून मला काही मिळायची ती पहिलीच वेळ. मी अशी हरखले की येताना एसटीत एकटीच हसत होते. बाईची जात, हरखायला काय लागतं!

गाडीची दशा काय सांगू. मागच्या सीटवर शेळीची करडं बांधत होते. फाटक्या सीटमागून डिकीत शिरून कोंबडी अंडी घालायची, आणि वहिनी दर सकाळी डिकी उघडून अंडी काढायची, फ्रिज उघडावा तशी. गावातल्या फिटरनं दोन-तीन दिवस खटपट केली आणि इंजिन मात्र सुरू झालं. खोकलं, धूर ओकलं, पण सुरू झालं. ओसरीवर आप्पांना आवाज गेला. त्यांचं अर्धंच तोंड हसायचं आता, तेवढं हसलं. म्हणजे इंजिन चांगलं होतं. सडला होता तो पत्रा. दारांचे खालचे काठ गंजून चाळणी झाले होते, बॉनेटला पोपडे सुटले होते आणि रंग तर असा मळका झाला होता की बदामी कुणी म्हटलं नसतं.

जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांमागच्या बोळीत एक पेंटर मिस्त्री आहे. त्याच्याइतका थापाड्या माणूस मी दुसरा पाहिला नाही. "हो जाता बाई, बिलकुल हो जाता, जुम्मे के बाद आ जाव." कुठला जुम्मा ते तो कधी सांगायचा नाही. पण गाडी बघायला मी त्याला गावी घेऊन गेले तेव्हा त्यानं दारावर बुक्की मारली, आवाज ऐकला आणि खूश झाला. "ये गाडी नई बाई, ये किल्ला है." मग म्हणाला, त्याच्या शेडमध्ये अख्खी गाडी ठेवायला जागा नाही, आधीच दोन रिक्षा आणि एक जीप अडकून पडलीय. पहिले दारं, बॉनेट आणि डिकी खोलून न्यायची, ती तयार करायची, तोवर जीप जाईल, मग सांगाडा आणायचा. मला पटलं. टेंपोत घालून आम्ही दारं आणली. बिनदाराची गाडी शेडमध्ये राहिली. आप्पांनी टेंपोकडे बघून हात केला.

रंगावरून आमचं पहिलं भांडण झालं. मिस्त्री म्हणे मोत्यासारखा पांढरा मारू, नाहीतर कॉफी मारू, "ये बदामी आजकल कौन मारता?" मी म्हणाले, मी मारते. पण नेमका कुठला बदामी? बाहेरचा तर उन्हानं खाल्ला होता. मग मी दाराच्या कडेचं रबर ओढून काढलं. त्याच्याखाली बोटभर रुंदीची पट्टी जशीच्या तशी होती, आई ओवाळत होती त्या दिवसाची. मी तिथंच बसले खाली, त्या घाणीत. मिस्त्री म्हणाला, "क्या हुआ?" काही नाही म्हटलं, हाच रंग.

पहिल्यांदा त्यानं कालवला तो वरणासारखा पिवळा झाला. दुसरा असा गुलाबी, की लग्नातली पावडर. मी डब्याचं झाकण त्याच्यापुढं आपटलं. तो म्हणाला, तुमच्या डोळ्यात दोष आहे. मी म्हणाले, तुझ्या जिभेत आहे. बोळीतले हमाल पोती खाली ठेवून बघायला लागले. तिसऱ्यांदा त्यानं पट्टीवर बोटानं थेंब लावला आणि थेंब दिसेनासा झाला. मी झाकण उचलून डब्यावर लावलं.

त्याच्या जुम्म्यावर विसंबून राहिले असते तर पुढची रामनवमी आली असती. म्हणून मीच जाऊ लागले. रविवारी, सुटीच्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर तासभर. तो गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, लांबी भरून खड्डे बुजवायचा, आणि मी बादलीत पाणी घेऊन पाणीपेपरनं घासायची. घासता घासता बदामीखालचा साहेबाचा पांढरा रंग वर आला, त्याच्याखाली काळा, त्याच्याखाली पत्रा. माझ्या बोटांची सालं गेली. ऑफिसात कागद उलटला की बोटाला झोंबायचं. साहेबांनी विचारलं, "मॅडम, घराचं रंगकाम काढलं का?" मी हो म्हणाले. आमचे हे म्हणायचे, रिटायर झालीस की बोळीत तुझं दुकान टाकू, पाटी मी लिहीन. चिडवायचे, पण रविवारचा डबा स्वतः आणून द्यायचे.

आप्पांच्या कोपराची ती झिजलेली जागा तशीच ठेव, असं मी मिस्त्रीला निक्षून सांगितलं होतं. त्यानं नाही ऐकलं. "लोग बोलेंगे काम अधूरा छोडा." भरली, घासली, रंगवून टाकली. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण पहिलं दार तयार होऊन दोरीनं टांगलं, उन्हात आलं, तेव्हा माझाच राग टिकला नाही. काय दिसत होतं ते! बोळीतली माणसं त्यात तोंडं बघायला आली. मिस्त्रीनं त्याच्याशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. खरं सांगते, मी माझ्या लग्नातही एवढी मिरवले नाही.

पाडवा तोंडावर आला. दारं, बॉनेट, डिकी तयार. जीपही बोळीतून हलली. आता सांगाडा आणायचा, आठवड्याभरात रंगवायचा, दारं बसवायची आणि रामनवमीला आप्पांना न्यायचं. गाडी टोचन करून आणायला एक ट्रकवाला ठरवला. शनिवारी ऑफिसला सुटी होती म्हणून शनिवार ठरवला आणि भावाला तसं कळवलं.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला.

"ताई, उद्या शनिवार हाये ना. शनिवारी घरातलं लोखंड हलवत न्हाईत. आप्पांना साडेसाती चालू हाये. सोमवारी न्या की, काय जल्दी हाये?"

माझा शनीवर काडीचा विश्वास नाही. शनिवारी मी खिळे आणलेत, कढई आणलीय, ह्यांची सायकल आणलीय. देवाला मी फार घाबरत नाही, पण भावकीला घाबरते. समजा शनिवारी गाडी हलवली आणि रविवारी आप्पांना नुसता ठसका लागला, तर? लेकीनं साडेसातीत शनिवारी लोखंड ओढून नेलं, असं पंचक्रोशी म्हणेल. तेराव्याला म्हणेल, वर्षश्राद्धाला म्हणेल, माझी तिरडी उचलतानाही म्हणेल. आणि वहिनीला आप्पांची एवढी काळजी आहे हे पाहून मला बरंच वाटलं. हो, बरं वाटलं! मी तिला "बरं झालं सांगितलंस" म्हणाले. ट्रकवाल्याला सोमवारचं सांगितलं.

सोमवारी अर्धी रजा टाकून ट्रकमध्ये बसून गेले. शेडचं दार सताड उघडं. आत झाडून काढलेलं, मुरूम टाकून चोपलेला, भिंतींना चुना. गाडी नाही. जमिनीवर तेलाचा काळा डाग होता तेवढा मुरमातून वर आला होता. ती अंडी घालणारी कोंबडी इकडून तिकडं फिरत होती, तिला डिकी सापडत नव्हती.

भाऊ मोटारसायकल पुसत होता.

"गाडी कुठंय?"

"कोणती?"

"कोणती म्हणजे?"

"ती व्हय," तो म्हणाला. फडकं पिळलं. "दिली ताई. भंगारवाला आल्ता. पाडव्याला नवी गाडी येऊन राह्यली, जागा नको का?"

"कधी आल्ता?"

"परवा."

"परवा शनिवार होता."

त्यानं पिळलेलं फडकं पुन्हा आरशावर फिरवलं. स्वयंपाकघरातून वहिनी डोकावत होती, ती आत गेली आणि तिनं मिक्सर लावला. भरदुपारी, काही नसताना, नुसता मिक्सर.

"अन् साडेसाती?" मी ओरडले. "आप्पांची साडेसाती? ती माझ्यापुरतीच होती का रे?"

"आता भंगारवाल्याला काय शनवार अन् सोमवार. तो म्हणला आजच नेतो, पुन्हा चक्कर न्हाई मारणार. अन् तू दारं, बॉनेट घेऊन गेल्तीस ना? मला वाटलं तुला तेवढंच पाहिजेल हाये."

तेवढंच! बाप बसवायला मला चार दारं पाहिजे होती! मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत होता. मोठी बहीण बोलतेय, बोलू द्यावं, थकली की चहा पाजावा, असा चेहरा. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. मला त्या दिवशी कडकडून चावायचं होतं.

मग मी विचारलं, आप्पांना काय सांगितलं? ओसरीच्या बाजूनंच तर ट्रक गेला असेल, त्यांनी गाडी जाताना पाहिली असेल.

"सांगितलं, ताईनं न्यायला लावली. रंगवायला."

म्हणजे गाडी विकली त्यानं, आणि परत आणायची राहिली ती माझ्याकडे. मी ओसरीवर गेले. आप्पा जागे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "झाली?" मी म्हणाले, होत आली आप्पा. खाली आले आणि ट्रकवाल्याला म्हणाले, जालन्याला चल, जोरात.

बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. पण मन मानत नव्हतं. भंगारवाल्याचं आवार औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे होतं. आमच्या जालन्यात भंगार शिळं होऊ देत नाहीत. सळईच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या, त्यांना रोज लोखंड लागतं. भंगारवाला बिचारा चांगला माणूस होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "बाई, शनवारीच कापली. काल भट्टीला गेली." मी विचारलं, काहीच नाही का उरलं? त्यानं सीटचा फाटका रेक्झिन दाखवला, त्यावर त्याचा कुत्रा झोपला होता. आता आमची गाडी कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये आहे. त्या घरच्यांचं भलं होवो, माझं काही त्यांच्याशी वैर नाही.

मिस्त्रीला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "अब ये दरवाजे किसको लगाऊं? मेरे घर को?" दोन महिने राबला होता, त्याचंही बरोबर होतं. हातातली रंग मारायची गन त्यानं फेकली. मग थोड्या वेळानं गुपचूप उचलली, पुसली आणि म्हणाला, काचा आणि रबर बसवून देतो, अर्धं काम मी देत नाही. मी त्याला एवढंच म्हणाले, या वेळी जुम्मा सांगू नकोस.

पाडव्याला नवी गाडी आली. घरच्या ग्रुपवर फोटो आले. हार घातलेली उंच काळी गाडी, नारळ फोडणारा भाऊ, किल्ली हातात धरलेली वहिनी, आणि मागे त्या चुना लावलेल्या भिंती. सगळ्या नातेवाइकांनी अंगठे टाकले. आमच्या ह्यांनीसुद्धा टाकला, सवयीनं. मी ह्यांच्याशी रात्री जेवताना बोलले नाही.

रामनवमीला पहाटे भावानं ग्रुपवर टाकलं, जांबला निघालो. फोटोत सगळे होते. वहिनी, पोरं, वहिनीची आई. आप्पा नव्हते. मी फोन केला. "ताई, त्यांना झेपणार न्हाई ना एवढं. रस्ता किती खराब हाये. कामवाली हाये त्यांच्याजवळ, काळजी करू नको." मागून पोरांचा दंगा ऐकू येत होता.

मी ह्यांना म्हणाले, उठा. छोटा हत्ती टेंपो बोलावला, त्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार आडवं टाकलं, खाली गादी घातली, आणि गावाकडे निघालो. ह्यांनी वाटेत एकदाच विचारलं, "करणार काय आहेस?" मी म्हणाले, आज सांगणार आहे. सगळं सांगणार आहे. आणि खरंच तेवढ्यासाठीच मी चालले होते. मला गाडी परत मिळणार नव्हती, ते मी जाणून होते. मला एवढंच पाहिजे होतं की आप्पांनी एकदा, आयुष्यात एकदा, माझ्यासमोर त्याला शिवी द्यावी. साधी "नालायक" म्हणाले असते तरी चाललं असतं.

आप्पा ओसरीवर उशीला टेकून बसलेले होते. कामवालीकडून दाढी करून घेतली होती. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. पायात चपलासुद्धा घालून घेतल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की जायचं नाही.

"आली?" ते म्हणाले.

ह्यांनी आणि टेंपोवाल्यानं दार उचलून खाटेच्या उजव्या अंगाला उभं केलं आणि मागून सोयाबीनचं पोतं लावलं. जड असतं ते, दोघांनाही धाप लागली. आप्पा दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी तळवा त्यावरून फिरवला, वरून खाली, खालून वर. "झकास," म्हणाले. आणि कोपर उचलून खिडकीवर ठेवलं. नेमकं त्या जागेवर, जिथला रंग झिजला होता, जिथं मिस्त्रीनं लांबी भरली होती. मी त्यांचा हात पाहिला. खाटेवर पडून पडून तो गोरा झाला होता. दोन्ही हात आता एका माणसाचे दिसत होते.

पण मी ठरवून आले होते.

"आप्पा," मी मोठ्यानं म्हणाले, शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "एवढंच उरलंय. गाडी न्हाई. त्यानं विकली भंगारात. मी न्हाई नेली आप्पा, त्यानं विकली. अन् आज तुम्हाला टाकून तो गेला जांबला."

आप्पांनी ऐकलं. ऐकल्याचं कळतं माणसाच्या डोळ्यांवरून. त्यांचा जबडा हलला. मी वाट बघत राहिले. ह्यांनी माझा खांदा दाबला, मी झटकला. समोरच्या रस्त्यावरून कुणाच्या तरी कोंबड्या चालल्या होत्या. आप्पांनी दाराला बाहेरून बोटांनी टकटक केलं.

"बस," ते म्हणाले.

"कुठं बसू आप्पा?"

"मागं."

खाटेच्या डोक्याकडे, त्यांच्या मागे, ओसरीवरून घरात जायची पायरी होती. मी तिथं बसले. साडीच्या पदरानं तोंड पुसलं. आता मला शिवी नको होती, काही नको होतं. एवढा माणूस तयार होऊन बसला आहे, चपला घालून. त्यानं निघावं, एवढंच वाटत होतं. मागून मला त्यांची टोपी दिसत होती आणि खिडकीवरचं कोपर.

"निघा ना आप्पा," मी म्हणाले. "ऊन झालं."

त्यांनी मान वळवली नाही. रस्त्याकडेच बघत होते.

"थांब," आप्पा म्हणाले. "त्याला येऊ दे, मंग निघू."